म्युनिकहून चार दिवस, आई-बाबांसोबत: प्राग, व्हिएन्ना की बुडापेस्ट?

इझारकाठ
नमस्कार मंडळी. सहा वर्षं म्युनिकमध्ये राहते आहे. यंदा मेमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच येताहेत, कोल्हापूरहून. जूनमध्ये फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाची गुरुवारची सुट्टी आहे, शुक्रवारची रजा मंजूर झालीय, म्हणजे सलग चार दिवस हातात आहेत. या चार दिवसांत एकच शहर करायचं ठरवलंय. दहा देश बारा दिवसांत अशी बसयात्रा त्यांच्याकडून करवून घ्यायची नाही.

बाबा ६९ वर्षांचे, चालायला एकदम ठणठणीत. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालते, पण जिने नको म्हणते. दोघंही शाकाहारी, आई अंडंही खात नाही. डोक्यात प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट आहे. व्हिसा जर्मनीचा शेंगेन आहे. वयस्कर आई-वडिलांना घेऊन गेलेल्यांनी अनुभव सांगा, प्लीज.

तिसरा फलाट
मी आउग्सबुर्गला असतो, त्यामुळे या तिन्ही शहरांना रेल्वेनं गेलोय. व्हिएन्ना थेट गाडीनं चार तास, प्राग साडेपाच-सहा तास, बुडापेस्ट जवळजवळ सात तास. चार दिवसांतले दोन दिवस जाण्या-येण्याचे, हे धरूनच ठरवा. बुडापेस्टला जाणार असाल तर पहिला अख्खा दिवस गाडीतच जाईल.

साल्झबुर्ग या यादीत घालू नका. ते बायर्न तिकिटावर (बव्हेरियाचं लोकल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) एका दिवसात होतं, कुठल्याही शनिवारी सकाळी निघा आणि रात्री घरी या.

अजून एक. शेंगेनमध्ये २९ देश आहेत आणि त्या व्हिसावर सगळीकडे जाता येतं, पण आई-बाबांचे मूळ पासपोर्ट बरोबर ठेवाच. झेरॉक्स चालत नाही. परतताना जर्मनीच्या हद्दीत शिरलं की पोलीस डब्यात चढून तपासणी करतात. माझ्या सासऱ्यांचा पासपोर्ट मी घरी कपाटात सुरक्षित ठेवला होता. त्या अर्ध्या तासात त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती दिसली तिचं मला अजून वाईट वाटतं.

निळी पिशवी
व्हिएन्ना, दुसरा विचार करू नका. सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते, सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. मेट्रोच्या स्टेशनांना लिफ्ट आहेत, ट्रॅम बुटक्या पायरीच्या आहेत, बागांमधून बाक आहेत. शोनब्रुनची बाग फुकट आहे, तिथे आम्ही तीन तास नुसते बसलो होतो. थकवा आला की कॉफीहाउसात शिरायचं. एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही.

प्राग सुंदर आहे, पण पायाखाली सगळे दगडी ठोकळे. चार्ल्स पुलावर गर्दी, किल्ला चढावर. गुडघ्यांना तो दगडी रस्ता जिन्याइतकाच त्रास देतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

मांडवी
तुमच्या यादीत नाही, तरी लिस्बन सुचवतो. मी पणजीचा. जेरोनिमुशच्या चर्चमध्ये उभा राहिलो तेव्हा जुन्या गोव्याची चर्चेस कुठून आली ते मला एका क्षणात दिसलं. वास्को द गामाची समाधी तिथेच आहे. आपल्या किनाऱ्याचा इतिहास जिथून निघाला ते बंदर बघायचं असेल तर लिस्बन. पण खरं सांगायचं तर शहर टेकड्यांवर वसलंय आणि तुमच्या आई अंडं खात नाहीत म्हणजे तिथली प्रसिद्ध कस्टर्डची पेस्ट्री बाद. तेव्हा ही सूचना तुमच्या बाबांपुरती.

चिंच-गूळ
मी आईला बुडापेस्टला नेलं होतं. गरम पाण्याची स्नानगृहं हे तिथलं मुख्य आकर्षण, मीही मोठ्या हौसेनं सेचेनीची तिकिटं काढली. आई पोहण्याचे कपडे घालून चारचौघांत यायला तयार झाली नाही, आणि ते मी आधी विचारायला हवं होतं. तिला आवडली ती २ नंबरची ट्रॅम. डॅन्यूबच्या काठानं जाते, समोरच्या तीरावर वाडा, टोकाला पार्लमेंट. आम्ही एका दिवसाच्या तिकिटात ती चार वेळा केली.

म्हणून विचारते, इझारकाठ, तुमच्या आई-बाबांना काय बघायचंय? यादी तुमची दिसतेय.

इझारकाठ
चिंच-गूळ, काल फोनवर विचारलं. बाबांचं उत्तर: "तू म्हणशील तिथं." आई म्हणाली, "मला बसायला एक चांगली बाग पाहिजे. आणि काहीतरी ऐकायला मिळालं तर बघ." आई हार्मोनियम वाजवते, घरी अजून आठवड्यातून एकदा भजनाच्या बायका जमतात. बाबांना मी जरा खोदून विचारलं. ते हायस्कूलला भौतिकशास्त्र शिकवायचे, राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. म्हणाले, "इतक्या लांब येऊन कुणाच्या तरी घरी गेल्यासारखं वाटलं पाहिजे. नुसत्या इमारती बघून काय करू?" यावर विचार करतेय.

पंचगंगा घाट
बाबा राजाराम कॉलेजचे आणि तुम्ही प्राग-व्हिएन्ना काय करताय? फ्लॉरेन्सला न्या त्यांना!

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते. वय अवघं वीस. व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोजनिशी लिहिली. ती पुढे १८७२ मध्ये पुस्तकरूपानं निघाली. परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच गेले. बरोबरच्या लोकांनी आपल्या रीतीप्रमाणे दहनाची परवानगी मागितली. त्या काळी त्या शहरात दहन ही कल्पनाच नव्हती. शेवटी आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. आपल्याकडे संगमावर देतात तसाच.

त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, म्हणजे ज्यानं आपला कोल्हापूरचा न्यू पॅलेस आखला तोच. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, फेटा, दागिने सगळं रंगवलेलं. जवळच्या पुलाचं नावही 'इंडियानो' आहे. शाहू महाराज दत्तक आले १८८४ ला, त्याच्या चौदा वर्षं आधीची ही गोष्ट. मी तिथं उभा होतो तेव्हा आजूबाजूला सायकलवाले आणि कुत्री फिरवणारे इटालियन होते, आणि मधे आपला राजा. गळा भरून आला होता.

कसं जायचं: छत्री कासिने बागेच्या पश्चिम टोकाला आहे. ट्रॅम पूर्वेच्या टोकाला सोडते, तिथून बाग ओलांडत बरंच चालावं लागतं. आईंसाठी सरळ टॅक्सी करा.

आणि बाबा भौतिकशास्त्राचे म्हणता! गॅलिलिओच्या स्वतःच्या दोन दुर्बिणी तिथल्या संग्रहालयात आहेत, त्याची समाधी सांता क्रोचेत आहे.

इझारकाठ
पंचगंगा घाट, वाचून अंगावर काटा आला. न्यू पॅलेससमोरून हजारदा गेलेय, हे माहीत नव्हतं. मग फ्लॉरेन्सच का नको? म्युनिकहून कसं जायचं?

तिसरा फलाट
आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीतून व्हेरोना किंवा बोलोन्यापर्यंत थेट गाड्या आहेत, बोलोन्याहून फ्लॉरेन्स वेगवान गाडीनं चाळीस मिनिटांच्या आत. सगळं मिळून आठेक तास धरा. रोमला जाणारी रात्रीची गाडीही आहे, पण आईंना वरच्या बर्थवर चढावं लागणार नाही हे आरक्षण करताना बघा.

निळी पिशवी
फ्लॉरेन्सबद्दल मनापासून एक सावधगिरी. जूनमध्ये आम्ही गेलो होतो, दुपारी पारा तिशीच्या वर आणि जुन्या गावात झाडं जवळजवळ नाहीत. तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. उफित्झी या चित्रसंग्रहालयाचं वेळेचं तिकीट आधी काढलं नाही तर उन्हात रांग. भाड्याची गाडी नेणार असाल तर जुन्या गावात घालूच नका; मधला भाग बाहेरच्या गाड्यांना बंद असतो, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. आम्हाला इटलीतल्या एका शहराचं असं पत्र आलं होतं.

ऑक्टोबर असता तर मीच फ्लॉरेन्स म्हटलं असतं. जूनमध्ये, त्या गुडघ्यांसकट, नको.

वॉर्सातली मिसळ
मी हा धागा पहिल्यापासून वाचतेय. गेली नऊ वर्षं वॉर्सात आहे. 'कोल्हापूर' आणि 'कुणाच्या तरी घरी गेल्यासारखं' हे दोन शब्द एकत्र आल्यावर गप्प बसवेना.

तुमच्या बाबांना वळिवडे कॅम्प माहीत असणारच. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएतांनी सैबेरियात पाठवलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ ते १९४८ या काळात जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली. त्यांची शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं तिथं होतं. ती माणसं गेल्यावर त्याच जागी फाळणीत आलेली सिंधी कुटुंबं वसली, तेच आजचं गांधीनगर.

त्या कोल्हापूरचं स्मारक इथे वॉर्सात आहे. माँटे कसिनोच्या युद्धस्मारकाजवळ, क्राशिन्स्की बागेच्या कडेला, नोव्हेंबर २०१७ मध्ये फलक बसवला. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. शिवाय ओखोटा भागात जामनगरच्या जामसाहेबांच्या नावानं चौक आहे, 'चांगल्या महाराजांचा चौक'. त्यांनी बालाचडीला हजारेक पोलिश मुलांना आसरा दिला होता.

फ्लॉरेन्सची छत्री आपल्या माणसांनी आपल्या राजासाठी उभारली. इथला फलक दुसऱ्या लोकांनी आपले आभार मानायला लावलाय.

आता आईंचं. वॉर्सा सपाट आहे. जुन्या गावाकडे वर जायला सरकता जिना आहे. हमरस्त्यावर काळ्या दगडाचे बाक आहेत, बटण दाबलं की इथला संगीतकार शोपँ याचं संगीत वाजतं. आणि वाझिएन्की बागेत उन्हाळ्यातल्या दर रविवारी दुपारी बारा आणि चार वाजता शोपँच्या पुतळ्याखाली पियानोवादन असतं. फुकट. लोक गुलाबांच्या ताटव्यांमध्ये बाकावर, गवतावर बसून ऐकतात. बागेत मोर फिरतात. तुम्ही रविवारी तिथे असणार आहात ना?

बाबांसाठी मेरी क्युरीचं जन्मघर आहे फ्रेटा रस्त्यावर. कोपर्निकसचा पुतळा आहे, मुलांना प्रयोग करता येतील असं त्याच्याच नावाचं मोठं विज्ञानकेंद्र आहे.

इझारकाठ
काल रात्री बाबांना हा वरचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं लाइन गेली.

मग सांगायला लागले. माझी आज्जी, म्हणजे त्यांची आई, उचगावची. कॅम्प होता तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तिच्या घरून कॅम्पात दूध जायचं आणि चरवी घेऊन कधी कधी ती जायची. एका पोलिश बाईनं तिच्या केसांना लाल रिबीन बांधून दिली होती. घरी आल्यावर रागावतील म्हणून आज्जीनं ती वाटेतच सोडली आणि चोळीत लपवली. ती रिबीन लग्नानंतरही ट्रंकेत होती, बाबांनी लहानपणी पाहिली आहे. आज्जी जाऊन अकरा वर्षं झाली आणि ही गोष्ट मी काल पहिल्यांदा ऐकली.

बाबा रोज सकाळी महावीर गार्डनला फिरायला जातात. तिथलं पोलिश लोकांचं स्मारक त्यांच्या फेरीच्या वाटेवर आहे. पण त्याचं दुसरं टोक वॉर्सात आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

पंचगंगा घाट
हे वाचल्यावर मी फ्लॉरेन्सचा हट्ट सोडला. छत्री दीडशे वर्षं उभी आहे, पुढच्या खेपेपर्यंतही राहील. आधी वॉर्सा करा. माझी चुलत आजीही कॅम्पाबद्दल सांगायची, पण आम्ही कुणी नीट ऐकून ठेवलं नाही.

तिसरा फलाट
वॉर्साला रेल्वेचा विचार नको, दिवस मोडेल. थेट विमान दीड तासाचं आहे. शोपँ विमानतळ गावाला लागून आहे, लोकल गाडी वीस-पंचवीस मिनिटांत मध्यावर सोडते.

चिंच-गूळ
पोलंडमध्ये शाकाहारी आणि तेही बिनअंड्याचं जेवण मिळेल का? मला तीच काळजी वाटतेय.

वॉर्सातली मिसळ
मिळेल, पण विचारून. इथे 'दुधाचे बार' असतात, साधी स्वस्त खानावळ, ताट आपण उचलून आणायचं. तिथे पिएरोगी घ्या. बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण असलेल्यांना 'रुस्किए' म्हणतात. कोबी आणि आळिंबीचंही सारण असतं. वरून कधी कधी डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात आणि ते मेनूकार्डावर लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून मागतानाच 'बेझ स्क्वारेक' म्हणा. पिएरोगीच्या पिठात काही ठिकाणी अंडं असतं, बटाट्याच्या धिरड्यांत बहुतेक असतंच, तेव्हा दोन्ही विचारा. बीटचं सार मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, पण एक जेवण तरी दुधाच्या बारमध्ये करा. जूनमध्ये स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो, रस्त्यात टोपल्या दिसतील.

पैसे झ्लॉटीत, एका युरोला साधारण सव्वाचार. कार्ड सगळीकडे चालतं. यंत्रानं युरो की झ्लॉटी विचारलं तर झ्लॉटीच निवडा, नाहीतर वाईट दर लागतो.

महत्त्वाचं: तुमचा तो गुरुवार इथेही सुट्टीचा आहे. बोझे चावो म्हणतात. मोठी दुकानं बंद असतात, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी छोटी उघडी. रविवारीही बहुतेक दुकानं बंदच. खरेदी शुक्रवार-शनिवारी उरका. संग्रहालयांचं त्या दिवसाचं वेळापत्रक आधी बघा. पण गुरुवारी मिरवणुका निघतात, त्या मात्र चुकवू नका.

निळी पिशवी
मी व्हिएन्नाची बाजू लावून धरली होती, पण आता म्हणते, तिकिटं काढा. उतरायची जागा मेट्रोजवळ आणि लिफ्टच्या इमारतीत बघा. जुन्या गावातल्या सुंदर खोल्या चौथ्या मजल्यावर असतात आणि जिना अरुंद असतो.

इझारकाठ
तिकिटं काढली. गुरुवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत. कोपर्निकसचं केंद्र गाळलं, आईचा तेवढा दिवस उभ्यानं जाईल. फलक, क्युरीचं घर, वाझिएन्की, आणि उरलेला वेळ मोकळा. आल्यावर सांगते.

इझारकाठ
परत आलो. उशिरा लिहितेय, पण लिहायचं कबूल केलं होतं.

गुरुवारी पोहोचलो तेव्हा जुन्या गावात मिरवणूक होती. पांढऱ्या झग्यातल्या लहान मुली टोपल्यांतून पाकळ्या उधळत पुढे, मागे छत्राखाली पाद्री. आईनं चप्पल काढली आणि हात जोडले. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं तिच्याकडे बघून स्वतःच्या पिशवीतल्या पाकळ्या तिच्या ओंजळीत दिल्या. आई माझ्याकडे न बघता पुढे झाली आणि तिनंही उधळल्या. ते सगळं जुनं गाव १९४४ मध्ये जमीनदोस्त झालं होतं आणि जुन्या चित्रांवरून पुन्हा उभारलं, हे बाबांनी नंतर तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग घरं नवीन, पण माणसं तीच."

शुक्रवारी फलक. आम्हाला शोधायला जरा वेळ लागला. माझ्या डोक्यात मोठं काहीतरी होतं, तसं ते नाही. बाबांनी 'कोल्हापूर' अक्षरांवरून बोट फिरवलं. आईनं म्युनिकहूनच लाल रिबीन आणली होती, कधी विकत घेतली मला कळलंही नाही. तिनं ती फलकापाशी फुलांसोबत ठेवली. बाबा बाजूच्या बाकावर जाऊन बसले, आम्ही दोघी थोड्या अंतरावर थांबलो.

रविवारी वाझिएन्की. आई पहिल्या रांगेतल्या बाकावर, डोळे मिटून, मांडीवर बोटं हलत होती. बाराचं झालं, आम्ही बागेतच खाल्लं, आणि ती म्हणाली चारचंही ऐकायचं. मग जवळजवळ धावत विमानतळ गाठला, पण गाठला.

वॉर्सातली मिसळ, तुम्ही शनिवारी आमच्यासोबत दुधाच्या बारमध्ये आलात, अंड्याचं विचारून दिलंत, त्याबद्दल आई रोज एकदा बोलते. पिएरोगी हातात घेऊन तिनं कड उलटसुलट बघितली होती, आठवतं? काल तिनं घरी करून पाहिल्या, बटाट्याचं सारण, आणि कडेला करंजीची मुरड घातली. उकळत्या पाण्यात एकही फुटली नाही.

बाबांनी फलकाचा फोटो महावीर गार्डनच्या ग्रुपवर टाकला. त्यातल्या एका काकांचे वडील कॅम्पात भाजी पोचवायचे, असं त्यांनी लगेच लिहिलं. बाबा परतल्यावर त्यांच्याकडून सगळं उतरवून घेणार आहेत, त्यासाठी इथून एक जाड वही घेऊन ठेवलीय.

पंचगंगा घाट
त्या काकांना माझ्या चुलत आजीचं उचगावातलं घर ठाऊक असेल. बाबा आले की मला कळवा, मीही महावीर गार्डनला येतो सकाळी.